शर्यतीची कुत्री आणि मळ्यातला बैल

बायको गेल्यावर मी गाव सोडून न्यू जर्सीत मुलाकडं राहायला आलो. दोन हजार पाच साल असेल. दिवसभर सोफ्यावर बसायचो, टीव्ही बंद ठेवून. घरात जनावर असलं म्हणजे म्हातारा हलेल, असं मुलाला वाटलं. तो जाऊन एक कुत्री घेऊन आला.

कुत्री कसली, हरणाएवढी. फ्लोरिडात शर्यतीत पळायची. हरायला लागली तशी मालकानं पिंजऱ्यात टाकून दिली, मग कुठल्या संस्थेनं सोडवली. बरगड्या वर आलेल्या, दात किडलेले, मांड्यांवरचे केस घासून गेलेले, कानात आकडे गोंदलेले. भिंतीकडं तोंड करून उभी राहायची.

"महिन्याची ट्रायल आहे बाबा," मुलगा म्हणाला. "नाही जमलं तर रिटर्न करता येते."

जमत नव्हतंच. तिनं जन्मात जिना बघितला नव्हता. मागच्या दारातून अंगणात जायला पाच लाकडी पायऱ्या. ती वरच थरथरत उभी राहायची आणि आत येऊन कार्पेटवर मुतायची.

"बाबा, मी ऑफिसला जाऊ का रोज कार्पेट क्लीन करत बसू?" सून हसून म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात हसायची बंद झाली.

मी म्हणालो, "देऊन टाका परत. नुसती बसून खातीय."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. हेच मी तीस वर्षांमागं बायकोला म्हणालो होतो, बैलाबद्दल.

आमच्याकडं साताऱ्याला मी शर्यतीत छकडी पळवायचो. शाळा चौथीपर्यंत, बाकी अक्कल सगळी बैलाची. बैल मागं पडला की शेपटी पिरगाळायची. तेवढ्यानं भागलं नाही तर दातानं चावायची. सगळेच चावायचे, मीही चावलो. घरी आलो की बायको पाण्याचा तांब्या पुढं करायची. "आधी चूळ भरा, मग भाकरीला हात लावा." तेवढंच बोलायची.

पुढं बैल पायानं अधू झाला. ती म्हणाली, राहू द्या दावणीला, माझ्या वाटणीचं खाईल. मी बाजारात नेऊन खाटकाला दिला. मुलगा सात वर्षांचा होता, बैल कुठं गेला म्हणून रडला. तिनं सांगितलं, लांबच्या एका मळ्यात ठेवलाय, मजेत आहे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुत्रीला घेऊन पायऱ्यांपाशी गेलो. खोंडाला जू शिकवतात तसंच, घाई करायची नाही. तिचा पुढचा पाय हातात घेऊन खालच्या पायरीवर ठेवला. मग दुसरा. मागून आधार द्यावा म्हणून हात नेला, तो शेपटीला लागला. ती माणसासारखी किंचाळली. मी तिथंच पायरीवर बसलो. तिच्या शेपटीला काय झालं होतं ते मला ठाऊक नाही. माझा हात मला ठाऊक होता.

त्यानंतर बायकोचं जुनं लुगडं तिच्या पोटाखालून घेऊन धरायचो. दिवसाला एक पायरी, कधी तीही नाही. दहाव्या दिवशी ती आपली आपण उतरली आणि गवतात जाऊन बसली.

"बाबा, तुम्ही तर एक्स्पर्ट निघालात," सून म्हणाली. मला ते टोचलं.

महिना भरला तशी संस्थेची बाई कागद घेऊन बघायला आली. कुत्री माझ्या पायाला अंग टेकून उभी. बाई इंग्रजीत काही विचारायची, मुलगा मला मराठीत सांगायचा.

"पूर्वी जनावरं होती का, विचारतायत."

"एक बैल होता. शर्यतीचा."

"त्याचं पुढं काय झालं?" बाईनं विचारलं असणार, कारण मुलानं मला न विचारताच उत्तर दिलं. त्यातला 'फार्म' मला कळला.

"मळ्यात नाही," मी म्हणालो. "खाटकाला दिला. मीच."

मुलगा बघत राहिला. "आई तर म्हणायची..."

"तिनं माझी लाज राखली. सांग ह्या बाईला. मग ठरवू दे, कुत्री माझ्याजवळ ठेवायची का नाही."

तो बाईकडं वळला. मग इंग्रजीत बोलला, हळू. बाईनं ऐकलं, कुत्रीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कागद सहीला पुढं सरकवला. त्यानं सगळं सांगितलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

बाई गेल्यावर मी पायऱ्यांवर बसलो होतो. मुलगा मागं येऊन उभा राहिला.

"कुठल्या पायानं अधू होता?"

"मागच्या डाव्या."

"मी त्याला गूळ द्यायचो," तो म्हणाला आणि आत गेला. आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला.