बाबांची टेकायची फळी
काल पॉलिशवाल्यानं पलंगाची उशाकडची सागाची फळी घासायला घेतली आणि भुशाच्या वासानं ती दुपार आठवली. अर्धांगानंतर बाबा टेकले की ही फळी डुगडुगायची, म्हणून ते आडवेच पडून असत. त्या दुपारी सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीचाचांनी दोन लाकडी पट्ट्यांच्या कडा तिरप्या कापल्या; एक भिंतीला स्क्रूनं आवळली, दुसरी फळीमागं उलटी लावली आणि फळी भिंतीवरच्या पट्टीत वरून नुसती अडकवली. "एवढ्यावर थांबन का हे?" मी चिडूनच विचारलं. चाचा बाबांना म्हणाले, "टेका भाऊ. जेवढा भार टाकसान तेवढी घट्ट बसन." बाबा भीतभीत टेकले. फळी तसूभरही हलली नाही. मी बघतच राहिले. बाबा मात्र खिडकीबाहेरचं वावर बघत होते. "कापूस फुटला ना वं!" ते म्हणाले. आता फळीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग तेवढा उरलाय. पॉलिशवाल्याला सांगितलं, तेवढा सोडून घास.