"बघू" म्हणणारे सर

नाशिकरोडला आम्हा तुरुंगातल्या डॉक्टरांचा महिन्याला एक वर्ग भरतो. तो घेणारे सर मला सीनियर, आमच्याच तुरुंगाच्या दवाखान्यातले. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू." चहा घेणार का विचारलं तरी "बघू", आणि कप तोंडाला लावलेला. वर्गात मात्र ठणकावून सांगतात, "बाहेरच्या दवाखान्यात कधी नेणार, हे कैद्याला आधी सांगायचं नाही. बातमी फुटली की पळायचा बेत शिजतो."

एकदा चांदवडकडचा एक म्हातारा कैदी पोट धरून म्हणाला, "सायेब, लय दुखतंय. मोठ्या दवाखान्यात कवा नेणार?"

सर म्हणाले, "उद्या सकाळी."

मी चमकलोच. सोबत जायला पोलीस मिळालेले नाहीत आणि पोलिसांशिवाय कैद्याला बाहेर नेता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सकाळी म्हातारा अंघोळ करून, टोपी घालून बाकावर बसलेला. शेजारी सर, ड्युटीच्या आधीच आलेले. दोघंही फाटकाकडे बघत होते.

"येईल ना गाडी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"येईल," सर म्हणाले.

सरांनी नियम मोडला की थाप मारली, मला काही कळेना. मग मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, फाटकाकडे बघत.