गिअरमध्ये चिखल नव्हता

आईचा फोन आला तेव्हा मी पालघरला ऑफिसात होते. "मामा गेला," एवढंच ती म्हणाली... पहिली पाळी संपवून मामा कंपनीच्या बसमध्ये बसला होता, खिडकीला डोकं टेकून. पाळीच्या बसमध्ये सगळेच झोपतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने हाक मारली, "उठो चाचा, घर आ गया." मामा उठला नाही. त्याला आता सहा आठवडे होतील.

मामा बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होता. पाम गावातल्या घरी त्याची जाड टायरची, गिअरची सायकल होती, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. पन्नाशी उलटलेला माणूस डोंगरात सायकल चालवतो म्हणून शेजारी थट्टा करायचे, "काय रे, यष्टी बंद झाली का?" तो म्हणायचा, "यष्टी बांधावरून जात नाय." मी कॉलेजात असताना त्याने मलाही तशीच सायकल घ्यायला लावली. मी फार बोलत नाही. नात्यातल्या लग्नांत भिंतीच्या कडेने उभी असते. मामाला माझं न बोलणं चालायचं. शनिवारी मी पामला मुक्कामाला जायचे आणि रविवारी आम्ही बोईसर ओलांडून पूर्वेच्या डोंगराकडे निघायचो, बराच वेळ काहीही न बोलता.

बोलणं व्हायचं ते परतल्यावर, पडवीत. खाचरातली माती चिकट. ती मागच्या चाकाच्या दात्यांमधल्या फटींत भरते, मग साखळी नीट बसत नाही आणि गिअर बदलला की कचकन उडते. पहिल्यांदा मी पाइपाला अंगठा लावून जोरात पाणी मारलं होतं. मामाने येऊन नळच बंद केला. "बाय, दाबाचं पाणी मारलं का माती आत बेअरिंगात जाते. वरून सायकल नवरीवानी दिसते, आतून खलास." मग माडाच्या झापातला एक हीर, म्हणजे पात्यामधली कडक काडी, काढून, टोकाला तासून त्याने माझ्या हातात दिला. लोखंडाने कोरलं तर ओरखडा पडतो, हीर वाकतो. आधी माती सुकू द्यायची, मग एकेक फट कोरायची, मग जुना टूथब्रश, फडकं आणि शेवटी तेलाचे थेंब. मागे लोंबणाऱ्या, साखळी सरकवणाऱ्या भागाचं इंग्रजी नाव मी सांगितलं तेव्हा तो हसला. "इंग्लिश मॅडम, एवढं नाव घेईपर्यंत चढ संपंल. लोंबता बोल." आमच्यात तो लोंबताच राहिला.

सायकलीला दोष दिलेला मात्र त्याला खपत नसे. चढावर उतरून मी गिअरबद्दल कुरकुर केली की तो म्हणायचा, "गिअर बरा हाय. पाय दमले बोल."

शेवटच्या रविवारी त्याच चढावर तो स्वतः उतरला. थोडं चालवलं, पुन्हा उतरला. आठवडाभर पाऊस नव्हता, रस्ता कोरडा होता. त्याची पाठ घामाने भिजली होती आणि ओठांचा रंग मला वेगळा वाटला. सीट घट्ट धरून तो म्हणाला, "गिअर जड जातोय. चिखल भरलाय बग." मी खाली बसले. आदल्या संध्याकाळी मीच ती सायकल साफ केली होती. दाते चकचकत होते, लोंबत्याच्या दोन्ही चकत्या बोटाने गरगर फिरत होत्या. मी वर पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"भरलाय ना?"

"हो मामा," मी म्हणाले. "थोडा आहे."

आणि त्याचा श्वास खाली बसेपर्यंत रिकाम्या फटी सोबतच्या हिराने कोरत राहिले. परतताना तो म्हणाला, "मामीला नको सांगू, गिअर बिघडलाय म्हणून. उगाच सायकल विकाय लावंल." मी मान हलवली. माझ्याकडे आलेली गोष्ट बाहेर जात नाही हे त्याला माहीत होतं, आणि मला याचा अभिमान होता. त्याला लाज वाटू नये, एवढाच विचार मी केला. गुरुवारी तो बसमध्ये गेला. मधे तीन दिवस होते... आईला एक वाक्य सांगायचं होतं.

भेटायला येणारे म्हणतात, झोपेत गेला, सुटला. मामी म्हणते, "काय बी तरास नव्हता गो त्याला. असता तर बोलला असता." मी अजून तिला काही सांगितलेलं नाही. सांगून आता काय होणार, असं मी स्वतःला म्हणते, पण खरं म्हणजे मला भीती वाटते.

शनिवारी मी अजूनही पामला जाते. सायकल पडवीत उलटी करून ठेवलेली असते, सीट आणि हॅन्डल जमिनीवर, चाकं वर. मी हीर घेऊन बसते. कोरायला काही नसतं. मग हाताने पेडल फिरवते आणि सगळे गिअर एकेक करून बदलून बघते. साखळी कुठेच अडकत नाही. हात काढला तरी चाक कितीतरी वेळ फिरत राहतं. गेल्या शनिवारी मामी चहा घेऊन दारात उभी होती.

"केवढी हलकी फिरते गो," ती म्हणाली.

"हो मामी," मी म्हणाले.