तात्यांच्या कानातला रातकिडा

फोन आला तेव्हा मी तो दोनदा कापला. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या वेळी उंदराच्या मेंदूचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली होता. असा काप खास द्रावणात काही तासच जिवंत राहतो, त्यातली एखादी पेशी काचेच्या सुईला नीट लागायला कधीकधी अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवशी ती सकाळीच लागली होती. तिसऱ्यांदा नाव पाहिलं, विट्याहून काकू... तरी मी हातातली नोंद पुरी केली आणि मगच फोन लावला. तात्या आंघोळ करून उंबऱ्यात बसले आणि तिथेच कलंडले, ते गेलेच होते. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, मला वाढवलं ते तात्यांनीच. याला आता सात आठवडे झाले आणि माझं कशातच चित्त लागत नाही. चहा टाकते, विसरते. हे लिहितानाही तीनदा उठले आहे.

तात्या गलाईवाले, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारे. आमच्या विट्याकडचे कितीतरी लोक या धंद्यापायी देशभर पांगलेले. तात्यांनी बत्तीस वर्षं मदुराईतल्या एका बोळात काढली, समोर भट्टी आणि कानाशी तिला हवा मारणारा पंखा. तो दिवसभर घोंगावायचा. साठीला गावी परतले तेव्हा त्यांना ऐकू कमी येत होतं, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. श्रवणयंत्र आठवडाभर लावलं आणि कपाटात टाकलं. छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. कानात एक रातकिडा किर्रर्र वाजत राहायचा, अष्टौप्रहर. "भाईर काय वाजत न्हाई ते ठावं हाय मला," ते म्हणायचे, "पर आत कोन बसलंय ते तरी सांग. तू त्येच शिकतीस न्हवं?"

मी तेच शिकत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच. एका दिवाळीत त्यांना समजावून सांगितलं. आवाज कानातून मेंदूत जातो त्या वाटेवरच्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते ओळखते. काही रसायनं सांगतात 'बोल', आणि ग्लायसिनसारखी काही सांगतात 'गप्प बस'. कानाकडून येणारा आवाज घटला की हे गप्प बसवणारं रसायन तोकडं पडतं, असं आम्हाला दिसतं. मग पेशी कारण नसताना बडबडत सुटतात. तात्यांना लगेच सोनं शुद्ध करायचं आम्ल आठवलं. "म्हंजी तेजाब कमी पडल्यागत. तेजाब कमी पडलं की सोन्यातली चांदी सुटत न्हाई. मग वाढवून घाल की!" कुठल्याही परिषदेत मला कुणी इतकं नेमकं बोललेलं नाही. वाढवायचं कसं, तेही नेमकं तेवढ्याच वाटेवर, हेच तर जमलेलं नाही. पण मी छाती फुगवून म्हणाले, "घालणार तात्या, थोडा धीर धरा." तेव्हापासून दर रविवारी फोन. "घावलं का गं औषध?" "नाही अजून." "बरं. जेवलीस का?"

आणि दरम्यान आम्ही घरच्यांनी काय केलं, तर घर शांत केलं. काकूंनी टीव्ही बंद ठेवला, मिक्सर शेजारच्या घरी नेऊन फिरवू लागल्या. घरात सगळे कुजबुजायचे. मी तर पुण्याहून माणूस आणून त्यांच्या खोलीला जाड काचा बसवल्या. मी! बाहेरचा आवाज तुटला की आतला चढतो, हे पानंच्या पानं लिहून छापणारी मी! प्रयोगशाळेत मला ते पाठ होतं. विट्याच्या घरात मात्र आजारी माणसापाशी हळू बोलायचं, एवढंच शिकलेली मी त्या घरची पोर होते. तात्या जेवण झालं की चपला घालून बाहेर पडायचे, ते दिवेलागणीलाच परतायचे. देवळात बसत असतील, असं काकू म्हणायच्या.

तेराव्यानंतर दोन गल्ल्या पलीकडचे सदाशिवआप्पा दारात आले. त्यांची यंत्रमागाची शेड आहे. "पोरी, तात्यांची सतरंजी माझ्याकडं ऱ्हायलीया. घिऊन जातीस का?" मला काही उलगडेना. मग ते अवघडून सांगू लागले. "चार वर्सं रोज येत हुतं. म्हनायचं, आप्पा, तुझं माग सुरू झालं की माझा किडा गप बसतोय. घरात डोळ्याला डोळा न्हाई, पर मागापाशी लगीच डुलकी लागायची बगा त्येंला."

"मग मला का नाही बोलले?"

"तू त्येंचं शेडवर येनं बंद करशील, म्हनायचं. उरल्यालं कान जातील म्हनून."

केलंच असतं. त्या खडखडाटात त्यांचं उरलंसुरलं ऐकणं झिजत होतं, हे खरंच. आणि त्यांना तिथे झोप लागत होती, हेही तेवढंच खरं. राग येतो. त्यांचा, माझा, त्या काचांचा. त्यांना त्यांचं औषध घावलं होतं, तरी दर रविवारी मला विचारत राहिले... कशासाठी? मी हातपाय गाळू नयेत म्हणूनच ना?

मी आप्पांबरोबर गेले. सोळा माग धडाधडा चालत होते, बोललेलं कुणाला ऐकू जाईना. कोपऱ्यात भिंतीला लागून ती निळी सतरंजी अंथरलेलीच होती, मध्यावर बसून बसून विरलेली. मी तिच्यावर टेकले. दुखवट्यातली बाई आली म्हणून आप्पांनी कामगारांना हात केला, तसा एकेक माग थांबू लागला. आवाज उतरत गेला. मी ताडकन उठले आणि भर शेडमध्ये ओरडले, "आप्पा, बंद करू नका! त्यांची झोप मोडेल!"