वहिनीचा पहिला मांडव

सांगलीहून निघालो तेव्हा पिशवीत हळद होती, बेदाणे होते आणि थोरल्या भावाने फोनवर सोपवलेलं एक काम होतं. दादा बदलापूरला शिरगावात राहतो. वहिनीने अंबरनाथच्या कंपनीतली नोकरी सोडली होती. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरतात त्या विभागाची ती मुख्य. साहेब भले, म्हणून सोमवारपर्यंत जागा राखून ठेवणार होते. तेवढ्या अवधीत तिला परत वळवायला घरातला बोलका माणूस हवा होता. तो मी. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, शेजाऱ्यांच्या अडेल बैलाला मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायला राजी केलं होतं. पडला, पण थोडक्यात.

कल्याणला वहिनीच घ्यायला आली आणि घरी न नेता थेट उल्हासनगरच्या बाजारात घेऊन गेली. तिला नव्या कामासाठी लुगडं घ्यायचं होतं. वहिनी मूळची बारवी धरणाकडची, आगरी घरातली. दादाची आणि तिची ओळख कंपनीतच झाली. आता पन्नाशीच्या तोंडावर ती धवलारीण (लग्नात मांडवात बसून गाण्यातून विधी पार पाडणारी बाई) व्हायला निघाली होती. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी तिच्या धवलारीण आत्याजवळ बसून शिकली. रविवारी एका घरी हळद होती. तिथे आत्या फक्त मागे बसणार, गाणार वहिनी.

उल्हासनगरात जीन्सच्या पँटी अशा टांगल्या होत्या की अख्ख्या महाराष्ट्राचे पाय धुऊन वाळत घातलेत असं वाटावं. आधी दाल-पकवान खाल्लं. पकवान (मैद्याची कडक तळलेली पोळी) ढालीएवढं. मी मोडलं तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे कुत्री भुंकली. मग लुगड्याचं दुकान. म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने विचारलं, मुलीची शादी आहे का? वहिनी म्हणाली, नाही, माझ्या कामाला पाहिजे. कसलं काम ते तिने सांगितलं, तेव्हा त्याचा घडी मोडणारा हात थांबला.

"आमच्या माँला लाडा (सिंधी लग्नगीतं) सगळे पाठ होते," तो म्हणाला. "ती गेली, खतम. आता मोबाइलवर लावतो आम्ही."

त्याने प्लॅस्टिकची पिशवी बाजूला सारली आणि हिरवं लुगडं कोऱ्या कापडात बांधून दिलं.

रिक्षाने अंबरनाथमधून जाताना कंपनीचं गेट लागलं. हीच वेळ, असं समजून मी तोंडाचा पट्टा सोडला. भविष्य निर्वाह निधी, आजारपण, महागाई, दादाचा रक्तदाब, सगळं एका दमात. रिक्षावाल्यालासुद्धा पटलं, तो मान डोलवत होता. वहिनीने पूर्ण ऐकून घेतलं.

"भावजी, वीस-बावीस वर्षं माझ्यासमोरून गोळ्यांची पाकिटं गेली. मी त्यात फक्त रिकामा खण शोधला. भरलेल्या खणाकडे बघायचं कामच नव्हतं." मग म्हणाली, "रविवार होऊ दे. मांडवात पडले, तर सोमवारी मीच गेटवर जाते. तुम्हाला घसा कोरडा करायला नको."

रिक्षावाला आता तिच्या बाजूने मान डोलवत होता.

दादा रविवारी यायला तयार झाला नाही. चपला घालून दाराशी उभा राहिला, मग परत काढल्या. म्हणाला, तूच जा, माझ्याच्याने बघवणार नाही.

बदलापूर मागे पडलं की धरणाकडची वाट सागाच्या रानातून जाते. ऊन असं की रस्त्यावर टाकलेली नजर परत उचलताना चटका बसावा. रिकाम्या भातखाचरांत राब भाजलेले (रोपांसाठी पालापाचोळा पसरून जाळलेले) काळे चौकोन दिसत होते. मांडवात पोचलो तर बायकांनी मला हेरलंच. घाटावरचा पावणा, याला तांदळाची भाकरी झेपेल का, की ज्वारी मागवू? मटणाचा रस्सा वाढून झाल्यावर त्यांचं समाधान झालं. बाहेर डीजेच्या पेट्यांची भिंत उभी होती; ती वाजली असती तर धरणातले मासे थेट कल्याणच्या बाजारात जाऊन पडले असते. पण रिवाज असा की धवलारीण आधी गावोगावचे देव आणि घरातले गेलेले लोक नावानिशी बोलावते. मागच्या बायका तिची ओळ उचलतात. सगळे आल्याशिवाय नवऱ्या मुलाला हळद लागत नाही आणि डीजेही वाजत नाही.

वहिनी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. मागे काशीबाय आत्या, पाठीतून पार वाकलेली. वहिनीने सुरुवात केली. आवाज स्वच्छ, एकही नाव चुकलं नाही. पण एक देव येऊन टेकतो न टेकतो तोच पुढचा, त्याच्यामागे लगेच तिसरा, सगळे एका चालीने, एका अंतराने. मागच्या बायकांचे आवाज एकेक करून गळत गेले. शेवटी वहिनी एकटीच गात राहिली. बाहेरून नवऱ्याच्या मामाने विचारलं, "झाला ना? लावू का?" डीजेवाल्याचा हात बटणावर गेला.

काशीबाय पुढे झुकली. रागावली नाही.

"बाय, तू देव तपासतंस. बोलव त्याना."

वहिनी थांबली. मधेच थांबणं वाईट समजतात. आता एकच गाव उरलं होतं. ते धरणाच्या पाण्याखाली आहे. नवरदेवाच्या घराचं मूळ तिथलं आणि वहिनीचं माहेरही तेच. तिने त्या गावदेवीचं नाव घेतलं, अगदी हळू, आणि तिला विचारू लागली: पायवाट बुडाली, तू येशील कशी? वरच्या रस्त्याने ये. पोरं बत्ती घेऊन उभी आहेत. पाय ओले असले तरी चालतील, मांडव सारवलेला आहे.

हे आत्याने शिकवलेलं नव्हतं. मागून एका म्हातारीने ओळ उचलली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. मग वहिनी पुन्हा पहिल्या नावाकडे वळली आणि आधी येऊन गेलेल्या प्रत्येक देवाला पुन्हा, सावकाश, वाट सांगत बोलावलं.

धरणाचं पाणी हललं असं लिहायचा मला फार मोह होतो आहे. नाही हललं. नवरदेवाची आजी मात्र उठली, भिंतीजवळचा पाट पुढे ओढला आणि देवीला बसायला जागा करून दिली. डीजेवाला पेटीवर टेकला तो हळद लागेपर्यंत उठला नाही.

काशीबायने शाबासकी दिली नाही. पुढच्या लग्नाचं विचारायला एक घर तिच्याकडे आलं, तेव्हा तिने फक्त वहिनीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी दादा जिन्यातच उभा होता. वहिनीचा आवाज पार बसला होता. ती थेट आत गेली. त्याने मला विचारलं, "पडली का?"

"पडली," मी म्हटलं. "मग उठली."

तो आत गेला आणि गुळण्यांसाठी पाणी तापत ठेवलं. सोमवारी सकाळी त्याने स्वतःच कंपनीत फोन लावला. मी शेजारीच चहा घेत होतो.

"नाही साहेब, ती येणार नाही. जागा देऊन टाका कुणाला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "लग्नात देवांना बोलावते. हो, येतात."

सांगलीला परतलो. बायकोने विचारलं, समजावलंत का वहिनींना? म्हटलं, नाही. मग तिथे केलंत काय दोन दिवस? म्हटलं, बायकांच्या मागे बसून ओळ उचलली. शब्द अर्धे कळत नव्हते, तरी उचलली. ती माझ्याकडे बघत राहिली. पुढची थाप कधी येते याची वाट बघत असावी. मी पंप विकतो, चार माणसांत बोलणं हाच माझा धंदा. पण त्या मांडवात, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजामागून जाताना, आपण इतकी वर्षं कुणालाच बोलावलं नाही, नुसतं पटवत आलो, एवढं मात्र कळलं. वय माझं बावन्न. वहिनीहून फार जास्त नाही, आणि तिने तर आत्ता सुरुवात केली.