भाऊबीजेची ओली फरशी

आमच्या मामाला मी एकदा स्वयंपाकघरात सिमेंटने बंद केलं होतं.

मुद्दाम नाही. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि आई-वडिलांच्या दोन्ही घराण्यांत पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळंच येतं असा घरच्यांचा समज होता. (माझाही होता.) रेडिओ खरखरला की मला हाक, शेजारच्या काकूंना चक्कर आली की मला हाक.

सातपूरला आमचं दोन खोल्यांचं घर. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला दुसरं दार नाही आणि खिडकीला गज. दोन खोल्यांच्या मधल्या दारातल्या फरश्या सुटल्या होत्या. पाय पडला की डुगडुगायच्या, आणि आईने नुकतंच फडकं मारलेलं असेल तर खालून पायावर पाण्याची पिचकारी यायची. आम्ही सवयीने त्या ओलांडायचो. पण त्या दिवाळीत आई म्हणाली, "भाऊबीजेला नाना येईल. त्याचा पाय अडकायला नको."

नाना म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दिंडोरीकडे त्याची द्राक्षबाग. छाटलेली बाग दिवाळीच्या सुमारास फुलोऱ्यावर येते आणि नेमके तेव्हा ढग आले की रोग पडतो. मामाचा एक डोळा कायम आभाळाकडे. त्यामुळे भाऊबीजेला तो यायचा, पण थांबायचा नाही. फटफटी बंदसुद्धा करायचा नाही. एका वर्षी आईने त्याला दारात गाडीवरच ओवाळलं आणि घाईघाईत कुंकवाचं एक बोट हेडलाइटलाही लागलं. पुरणपोळ्यांचा डबा हँडलला अडकवून तो निघायचा. आई त्याच्याकडे वळणापर्यंत बघत राहायची आणि आत येऊन म्हणायची, "आला तरी बिचारा."

तिच्या लग्नापासून तो एकदाही मुक्कामाला राहिला नव्हता. यावर ती कधी बोलायची नाही. फक्त दर भाऊबीजेला सकाळी एक जास्तीची गोधडी उन्हात टाकायची आणि संध्याकाळी घडी करून परत ठेवायची.

गवंडी सणासाठी आपापल्या गावी गेले होते. मी म्हटलं, "त्यात काय एवढं, मी बसवतो." बांधकामाशी माझा संबंध इतकाच की कॉलेजसमोर एक इमारत उभी राहत होती आणि माझा बाक खिडकीशी होता.

भाऊबीजेच्या सकाळी मी सुटलेल्या फरश्या काढल्या. त्यांच्या पाठोपाठ शेजारच्या निघाल्या. शेजारच्यांच्या पाठोपाठ पलीकडच्या. बघता बघता खड्डा दारापासून निम्म्या बैठकीपर्यंत आला. अण्णा, म्हणजे माझे वडील, खाटेवरून पेपर वाचत होते. ते फक्त पाय वर घेऊन बसले.

मी वाळू-सिमेंट कालवतोय तोच दारात फटफटी. मामा दुपारी यायचा तो सकाळीच हजर.

"आक्का, चल, ओवाळ पटकन. ढग भरून आलेत. दुपारी औषध मारायचंय."

"अरे, जेवून तरी जा."

"पुढच्या येळेला."

मामा खड्ड्यातून चालत आत गेला. बैठक खणलेली, म्हणून आई स्वयंपाकघरातच पाट मांडायला लागली. इकडे माझं सिमेंट तयार, आणि कालवलेलं सिमेंट कुणासाठी थांबत नाही हे मला खिडकीतून बघून पाठ होतं. मी स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात केली आणि मागे सरकत सरकत, एकेक फरशी ठोकत, बैठकीच्या खाटेपर्यंत आलो. उठून कंबर सरळ केली. काम इतकं सुरेख झालं होतं की अण्णांनीही पेपर खाली केला.

तेवढ्यात कपाळाला कुंकू आणि हातात डबा असा मामा आतल्या दारात उभा राहिला.

"भाच्या, मी बाहेर कुठनं येऊ?"

मी दाराकडे बघितलं. मग खिडकीच्या गजांकडे. मग अण्णांकडे.

"वाळेपर्यंत पाय ठेवता येणार नाही, मामा," मी अभ्यासू आवाजात म्हणालो.

"कवा वाळंल?"

याचं उत्तर वर्गाच्या खिडकीतून दिसलं नव्हतं. "संध्याकाळपर्यंत."

"नाना, उडी मारा," अण्णा म्हणाले.

"मारतो की दाजी. पण उतरू कुठं, तुमच्या मांडीवर?"

अण्णांनी मामाच्या देहाकडे बघितलं आणि पाय आणखी वर घेतले. शेजाऱ्यांची फळी आणून बघितली, ती मध्येच संपली. शेवटी अण्णा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मामाच्या गावातल्या दुकानात फोन करून आले.

"वहिनी आल्या होत्या फोनवर. म्हणाल्या, औषध सकाळीच मारून झालं. तुम्ही बागेत असलात की उलट उशीर होतो."

मामाने डबा या हातातून त्या हातात घेतला. "असं म्हणली?"

"म्हणाल्या, ठेवून घ्या हवं तर."

मामाने डबा खाली ठेवला.

दुपारी आतून तुपाचा वास यायला लागला आणि मला उमगलं की जेवण आत आहे आणि आम्ही बाहेर. मामाने पुरणपोळीची घडी करून फेकली. अण्णांनी झेलली. माझी पोळी फरशीवर पडली आणि ओल्या सांध्यात जाऊन बसली. (पुढे तो सांधा सगळ्यांत घट्ट निघाला.)

आत दोघं गप्पा मारत होती. "नान्या, ती चिंच हाय का रं अजून?" "हाय की. तू पडली होतीस तीच ना?" "मी नाय, तू ढकललं व्हतं!" आणि मग हसणं. मी पोळीचा हात पुसता पुसता थांबलो. आई घरात असं बोलत नसे. मी शाळेत जायला लागल्यावर, पोराची भाषा बिघडू नये म्हणून तिने आमच्या बाईंसारखं बोलायला सुरुवात केली होती, ती आजतागायत. एवढ्या मोठ्याने हसतानाही मी तिला ऐकलं नव्हतं. अण्णांनी पेपर समोर धरला होता, पण पान उलटत नव्हते.

दिवेलागणीला मी अंगठ्याने सांधा दाबून बघितला. खणखणीत.

"वाळलं! मामा, या खुशाल."

आतलं बोलणं बंद पडलं. मामा डबा घेऊन उठला. आई त्याच्या मागून पाण्याची कळशी घेऊन आली, दारात थांबली आणि ती कळशी तिच्या हातातून सुटली. पाणी पार खाटेपर्यंत आलं.

"अगं बाई," आई शांतपणे म्हणाली.

"आई, आता सगळी रात्र जाईल!" मी ओरडलो. "सकाळपासून राबतोय मी!"

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू माझी पदवी परत करता येते का याचा ते विचार करत होते. मामाने पाण्याकडे बघितलं, आक्काकडे बघितलं आणि तो पुन्हा पाटावर बसला.

"गोधडी हाय का गं जास्तीची?"

"हाय," आई म्हणाली.

सकाळी मामा गेला तेव्हा त्याच्या पायाखाली निम्म्या फरश्या पुन्हा डुगडुगल्या. मला फार लाज वाटली. मामाला दिवसभर अडकवून ठेवलं, आणि वर काम कच्चं. म्हणून पुढच्या दिवाळीआधी मी नोकरीच्या पगारातून चांगला गवंडी लावून सगळ्या घराची फरशी नवी बसवून घेतली. भाऊबीजेला मामा आला, ओवाळून घेतलं, डबा घेतला आणि ताडताड पावलं टाकत निघून गेला.

आई वळणापर्यंत बघून आत आली आणि बराच वेळ त्या नव्या फरशीकडे पाहत उभी राहिली.

"लय पक्कं काम केलंस रे बाबा," ती म्हणाली.

"मग!" मी छाती फुगवून म्हणालो. "आता पन्नास वर्षं हलायची नाही."