सांध्यावरचा तळहात

"हलव, पुढारी. जरासंच. हां... बस."

गाडीखालून एवढाच आवाज यायचा आणि दोन पाय दिसायचे. वर स्टिअरिंगवर मी. मिस्त्रीमामा मला ते बोटभर डावीकडं, बोटभर उजवीकडं हलवायला लावायचे आणि स्वतः खाली बॉल जॉइंटवर तळहात ठेवून, डोळे मिटून पडून राहायचे. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा हा गोल सांधा. किंचित जरी ढिला असला तरी हाताला ठक् लागतं. हे काम एकट्याला जमत नाही. एक वर लागतो, एक खाली. आणि मामा तर एकटेच होते.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या, नळ कोरडे. पाण्याच्या मोर्चांची पत्रकं वाटत मी औसा रोडनं हिंडायचो, तिथंच त्यांची पत्र्याची शेड. सरकारी गॅरेजातून निवृत्त झालेला हा माणूस जुन्या जीपच्या सांगाड्यावर स्वतःची गाडी बांधत होता. टप नाही, दारं नाहीत, इंजिन उघडं, नाक हातभर लांब.

मला राग यायचा. तुम्हीच सांगा, का येऊ नये? बाया घागरी घेऊन टँकरमागं पळतायत आणि हा माणूस एका सांध्यासाठी तीनतीनदा नांदेडच्या जुन्या बाजारात जाऊन येतो! जीपचा जॉइंट लहान, जड इंजिनाला पुरायचा नाही. ट्रकचा आणला तर दांड्यात बसेना. मग नवा चकचकीत आणला. त्याचं रबरी टोपण दाबून म्हणाले, "ह्यातून धूळ शिरती. आपल्याकडं पाऊस न्हाई, धूळच हाय." तोही परत.

"मामा, मिळंल तो लावा की!"

"ब्रेक गेला तर गाडी बांधाला घासून तरी थांबवता येती. ह्यो सुटला तर कुठं जायचं ते गाडीच ठरवती, लेका."

माझं पत्रकही ते असंच तपासायचे. "सगळी गावं तहानलेली? समदी? औशात काल टँकर बघितला म्या. ढिलं हाय हे. आवळ जरा." मी चिडायचो. आणि घरी जाऊन शब्द बदलायचो.

चौथ्या खेपेला हवा तसा जॉइंट मिळाला. शिरूर अनंतपाळला त्यांची एकुलती बहीण होती. 'माझा भाऊ भंगारवाला झाला' म्हणायची. तिच्या दारात ही गाडी नेऊन उभी करायची होती. जॉइंट बसवून झाल्यावर मामा म्हणाले, "उद्या सकाळी ये. एकदा हात लावून बघतो, की निघू. तू बी चल."

"येतो," मी म्हणालो.

सकाळी मोर्चा निघाला. तिथून उदगीर, मग आणखी गावं. निरोप धाडायचं डोक्यातही आलं नाही. लोकांना ताटकळत ठेवणाऱ्या साहेबांवर त्या आठवड्यात मी चार भाषणं ठोकली.

आठ दिवसांनी आलो. शेडला कुलूप नव्हतं. शेजारचा चहावाला म्हणाला, "तीन दिस वाट बघितली. म्या म्हनलं, मामा, मी बसतो की वर. तर म्हनले, पुढारी येतो म्हनलाय. मग बहिणीचा सांगावा आला. एसटीनंच गेले शिरूरला. परवा तिथंच वारले. झोपेत."

मी आत गेलो. गाडीखाली त्यांचं पोतं अंथरलेलंच होतं. मी वर चढून बसलो. स्टिअरिंग बोटभर डावीकडं हलवलं, बोटभर उजवीकडं.

खालून कुणी 'बस' म्हणालं नाही. मी हलवतच राहिलो.